शाळेतला तो सीन: ‘सन्स ऑफ अनार्की’च्या एका एपिसोडचं प्रकरण

आधीच सांगून टाकतो, खाली स्पॉयलरच स्पॉयलर आहेत, सातव्या सिझनपर्यंतचे, तेव्हा ज्यांना हा शो बघायचाय आणि कोण मरतं ते आत्ताच कळायला नकोय त्यांनी इथूनच मागे फिरा. आणि विषयही हलका नाहीये, शाळेतला गोळीबार, बलात्कार, तुरुंगातले अत्याचार सगळं येणारे.

‘सन्स ऑफ अनार्की’बद्दल कुणी विचारलं की ठरलेला प्रश्न असतो, किती व्हायलंट आहे रे? आणि ठरलेलं उत्तर, लई व्हायलंट आहे, घरच्यांसमोर लावू नको. उत्तर बरोबरच आहे पण त्यातून काही कळत नाही, कारण सात सिझन, ९२ एपिसोड, २००८ ते २०१४ अशी सहा वर्षं चाललेल्या शोमध्ये हिंसा एकाच जातीची नसते, काही ठिकाणी ती गोष्टीच्या मुळाशी असते आणि काही ठिकाणी लेखकाला नुसती खुमखुमी आलेली असते. म्हणून अख्ख्या शोवर बोलण्यापेक्षा एकच प्रकरण घेतोय, सहाव्या सिझनचा पहिला एपिसोड, नाव ‘स्ट्रॉ’, १० सप्टेंबर २०१३, मंगळवार रात्र, अमेरिकेतलं एफएक्स चॅनल.

ज्यांनी बघितलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅलिफोर्नियातलं चार्मिंग नावाचं काल्पनिक गाव, तिथे एक मोटरसायकल क्लब, वरवर गॅरेजचा धंदा आणि आतून बंदुकांची तस्करी. क्लबचा आधी उपाध्यक्ष आणि पुढे अध्यक्ष झालेला जॅक्स टेलर (चार्ली हनम), त्याची आई जेमा (केटी सॅगल), आईचा दुसरा नवरा क्ले (रॉन पर्लमन) आणि जॅक्सची डॉक्टर बायको टॅरा (मॅगी सिफ). बाप मेलेला, आईने बापाच्याच जोडीदाराशी लग्न केलेलं आणि पोराच्या हाती बापाने लिहिलेली कागदपत्रं, म्हणजे हॅम्लेट, फक्त हार्लेवर बसलेला. बनवणारा कर्ट सटर, हा आधी ‘द शील्ड’ नावाच्या पोलिसांवरच्या शोच्या लेखकांमध्ये होता, आणि केटी सॅगल ही त्याची बायको. क्लबचं वातावरण खरं वाटतं त्याला कारण आहे, हॅपी नावाचा जो शांत डोक्याचा मारेकरी दाखवलाय तो करणारा डेव्हिड लाब्राव्हा हा खरोखरच हेल्स एंजल्सचा सदस्य होता आणि सुरुवातीला शोचा सल्लागार म्हणून आला होता. अंगातला तो ‘कट’ म्हणजे चामड्याचं बिनबाह्यांचं जाकीट, पाठीवरचा पॅच, प्रॉस्पेक्ट म्हणजे सदस्य व्हायच्या आधीचे उमेदवार म्हणून राबवून घेतलेली पोरं, टेबलाभोवती बसून घेतलेलं मत, हे सगळं अगदी नीट बसवलंय.

आता प्रकरणाचं मूळ. क्लब पैसा कशावर कमावतो? बंदुकांवर. आयरिश लोकांकडून माल येतो, क्लब तो पुढे वेगवेगळ्या टोळ्यांना विकतो, आणि पाच सिझन आपण बघतो काय, तर बाइकवरून जाणारी पोरं, गोदामं, पेट्या, पैशाची पाकिटं, पोलिसांना दिलेल्या हुलकावण्या. पेटी एकदा विकली की ती गोष्टीतून जवळजवळ गायब. टोळ्या एकमेकांना मारतात ते दिसतं, पण तेही गुन्हेगारच, त्यामुळे आपल्या पोटातलं पाणी हलत नाही. उलट आपण जॅक्सच्या बाजूने असतो, डील नीट होऊ दे रे बाबा असं म्हणत बसलेलो. हे लक्षात ठेवा कारण ‘स्ट्रॉ’ जो फटका मारतो तो इथे मारतो.

एपिसोड नेहमीपेक्षा लांब आहे आणि त्यात बरंच काही भरलंय. टॅरा तुरुंगात आहे आणि एका कैदी बाईला बेदम मारते. क्लबचा सदस्य ओटो (हा स्वतः कर्ट सटर करतो) तुरुंगात बलात्कार सहन करतोय, कारण त्याने मारलेल्या नर्सचा भाऊ, टॉरिक नावाचा माजी मार्शल म्हणजे केंद्र सरकारचा पोलिस अधिकारी, सूड घेतोय. क्लबमधल्या टिगचा एका पॉर्न धंदेवाल्याशी वाद होतो आणि तो त्याला लघवीने भरलेल्या बाथटबमध्ये बुडवून मारतो. जॅक्स बायको तुरुंगात असताना दुसऱ्या बाईबरोबर झोपतो. आणि या सगळ्याच्या मधेमधे, अगदी थोडा थोडा वेळ, कॅथलिक शाळेच्या गणवेशातला एक मुलगा दिसतो. बोलत नाही. आपल्या मुख्य पात्रांच्या आसपास कुठेतरी असतो, इतका कडेला की पहिल्यांदा बघताना हा कोण आणि याला का दाखवतायत असं वाटून आपण विसरूनही जातो. मग कळतं की त्याच्या वहीत भयानक चित्रं काढलेली आहेत, हातावर स्वतःच केलेल्या जखमा आहेत.

शेवटी नेहमीसारखं गाणं सुरू होतं, शोची ती सवयच आहे, एपिसोडच्या शेवटी गाणं आणि सगळ्यांच्या आयुष्याचे तुकडे, आणि आपणही सवयीने सैल होऊन बसतो की चला संपला आता. आणि तो मुलगा शाळेत जातो. त्याच्याकडे केजी-नाइन आहे, दोन्ही हातांत धरावी लागेल अशी बोजड काळी बंदूक. गोळ्यांचे आवाज, किंकाळ्या, काचेवर उडालेलं रक्त. मरणारी मुलं आपल्याला दिसत नाहीत, कॅमेरा तिथवर जातच नाही. हा भाग मुद्दाम सांगतोय, कारण नंतर ज्यांनी आरडाओरडा केला त्यातल्या काहींचं बोलणं ऐकून वाटावं की वर्गातलं एकेक पोर मरताना दाखवलंय. तसं नाहीये.

ही बंदूक क्लबचीच. क्लबने विकलेली, नीरो पाडिया (जिमी स्मिट्स) या जॅक्सच्या नव्या भागीदाराच्या जुन्या टोळीकडे गेलेली, तिथून नीरोच्या चुलतभावाकडे, आणि त्याच्या मैत्रिणीच्या म्हणजे डार्वनीच्या घरातून तिच्या पोराच्या हातात. पाच सिझन गायब झालेली पेटी अशी परत आली.

आता तारीख बघा. १४ डिसेंबर २०१२ ला कनेक्टिकटमधल्या न्यूटाउन गावात सँडी हूक एलिमेंटरी स्कूलमध्ये खराखुरा गोळीबार झाला, २० लहान मुलं आणि शाळेतली ६ मोठी माणसं गेली. मुलं सहा-सात वर्षांची. त्याला नऊ महिनेही झाले नव्हते. त्या काळात अमेरिकन टीव्ही चॅनलं भलतीच सांभाळून होती. एप्रिल २०१३ मध्ये एनबीसीने ‘हॅनिबल’चा चौथा एपिसोड ऐन वेळी काढून घेतला कारण त्यात मुलांच्या हातून खून होतात, आणि तो शो तर मुळात माणसं खाणाऱ्यावरचा! त्याच महिन्यात ‘ग्ली’ या गाण्याबजावण्याच्या शोने शाळेत गोळी सुटल्याचा एपिसोड केला, तोही अपघाताने सुटलेली गोळी आणि कुणी मेलं नाही अशा बेताने, तरी त्यावर बोंबाबोंब झालीच. म्हणजे ‘स्ट्रॉ’ लागला तेव्हा जखम ताजी होती आणि सगळ्यांना ते माहीत होतं.

सटरलाही माहीत होतं. सिझन सुरू व्हायच्या आधीच, ऑगस्टमध्ये टीव्ही समीक्षकांसमोर त्याने सांगून ठेवलं होतं की पहिल्या एपिसोडमध्ये फार अस्वस्थ करणारं काहीतरी येतंय आणि त्यावरून वाद होईल. त्याचं म्हणणं असं की ही कल्पना तीनेक वर्षांपासून त्याच्या डोक्यात होती, म्हणजे न्यूटाउनच्या आधीपासून, आणि गोष्टीचा शेवटचा टप्पा सुरू करायला हीच ठिणगी लागणार होती. मला हे पटतं, पण अर्धंच. कल्पना जुनी असेल, पण प्रसारण २०१३ मध्ये करायचं हा निर्णय २०१३ चाच ना. आणि आकडाही बोलका आहे, तो एपिसोड ५८ लाखांहून जास्त लोकांनी बघितला, शोच्या तोवरच्या कुठल्याही एपिसोडपेक्षा जास्त. वाद होणार असं महिनाभर आधी सांगितल्याने गर्दी कमी होत नाही, वाढते.

विरोधात सगळ्यात पुढे होती पॅरेंट्स टेलिव्हिजन काउन्सिल ही संस्था. यांचं आणि सटरचं आधीपासूनच जमत नव्हतं. पण त्यांची मागणी गंमतशीर आहे, कारण ती एपिसोड बंद करा अशी नव्हती, ती होती केबलच्या बिलाबद्दल. अमेरिकेत तेव्हा केबलवाले चॅनलांचे गठ्ठेच विकायचे, त्यात एफएक्स यायचंच, म्हणजे ज्या आईबापांना असलं काही घरात नकोय त्यांच्या खिशातूनही या शोला पैसे जातायत, तर प्रत्येकाला हवं ते चॅनल निवडू द्या असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे ट्रायने २०१९ च्या सुरुवातीला जे केलं, १३० रुपये अधिक जीएसटीत शंभर चॅनलं आणि बाकी एकेक निवडा, ते आठवतंय का? तेव्हा घरोघरी रिमोट हातात घेऊन सासूची मालिका की सासऱ्यांचं क्रिकेट असली भांडणं झाली, संस्कृतीरक्षण वगैरे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. तिकडे तीच मागणी नैतिकतेच्या दारातून आली. पटो न पटो, मुद्दा बिनडोक नव्हता.

मग प्रश्न येतो की हे चालतं कसं, कायदा काय करतो. तर अमेरिकेत एफसीसीचे, म्हणजे तिथल्या सरकारी प्रसारण नियामकाचे, अश्लीलतेबद्दलचे नियम, म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० या वेळात हे दाखवू नका वगैरे, हे अँटेनावर फुकट दिसणाऱ्या चॅनलांना आहेत. एफएक्स केबलवरचं, त्याला ते लागूच नाहीत, आणि तसेही ते नियम सेक्स आणि शिव्यांबद्दल आहेत, हिंसेबद्दल नाहीत. उरतं ते टीव्ही-एमए हे लेबल, म्हणजे फक्त मोठ्यांसाठी, ते चॅनल स्वतःच स्वतःला लावतं. १९९६ च्या कायद्याने टीव्हीत व्ही-चिप आली, २००० पासून १३ इंच किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक टीव्हीत ती असणं सक्तीचं झालं, लेबल बघून ती कार्यक्रम अडवते, अर्थात आईबापांनी ती चालू केली असेल तर.

मग एफएक्सला अडवतं कोण? जाहिरातदार. हे चॅनल बऱ्याच अंशी जाहिरातींवर चालायचं, त्यामुळे जाहिरातदाराला जे झेपेल ते चालणार. आणि इथे खरी मजा आहे. क्लबमधले हे सगळे राकट गडी, खून करणारे, जिभा तोडणारे (ओटो स्वतःची जीभ खरंच चावून तोडतो), हे ‘एफ’वाली शिवी देत नाहीत! सात सिझनमध्ये बायकर गँग आणि ती एक शिवी नाही. अंग उघडं दाखवायचं तर तेही पाठीकडून. म्हणजे शाळेत गोळीबार चालेल, तुरुंगात बलात्कार चालेल, माणूस मुतात बुडवून मारला चालेल, पण तो एक शब्द नको, कारण त्या शब्दाने साबणवाला पळून जाईल. हे एकदा कळलं की ‘मॅच्युअर कंटेंट’ या लेबलावरचा आपला विश्वास उडतो, कारण रेषा कुठे आखायची हे ठरवताना बघणाऱ्याच्या मनाचा विचार कुणी केलेलाच नाहीये.

बरं, तो सीन हवा होता का नको होता? माझं उत्तर, हवा होता. पण त्यासाठी एकट्या ‘स्ट्रॉ’कडे बघून चालत नाही, पुढचे बारा एपिसोड बघावे लागतात.

पुढे काय होतं, तर डीए म्हणजे सरकारी वकील टाइन पॅटरसन (सीसीएच पाउंडर) येते आणि तिला एकच माहिती हवी असते, बंदूक कुठून आली. टॉरिकसारखी ती सूडाने पेटलेली नाही, ती मेलेल्या पोरांच्या वतीने बोलतेय, आणि शोमध्ये पहिल्यांदाच असं होतं की पोलिसांच्या बाजूचं माणूस बरोबर आहे आणि आपला हिरो चूक आहे हे आपल्याला मान्य करावं लागतं. ती ते फोटो नीरोसमोर टाकते. नीरो स्वतः एका आजारी मुलाचा बाप, त्याचा चेहरा बघा त्या सीनमध्ये, स्मिट्सने काही न बोलता जे केलंय ते गोळीबाराच्या सीनपेक्षा जास्त अंगावर येतं. आणि जॅक्स काय करतो? तो धंद्यातून बंदुका काढायचा निर्णय घेतो, पण तो आधीपासूनच घ्यायचा होता. आत्ताची घाई कशाची, तर क्लबचं नाव येऊ नये याची. डार्वनीला सगळं माहीत आहे, म्हणून तो क्लबमधल्या ज्यूसला सांगतो आणि ज्यूस तिचं तोंड उशीने दाबून मारतो. जिचं पोर असं गेलं ती बाई. हे करायला लावणारा आपला लाडका जॅक्स, सोनेरी केसांचा, पोस्टरवरचा. मला वाटतं सटरला जे म्हणायचं होतं ते इथे आहे, शाळेत नाही. शाळेचा सीन नसता तर डार्वनीचा खून हा अजून एक खून झाला असता आणि आपण चहा प्यायला उठलो असतो.

आणि धागा शेवटपर्यंत जातो. १० डिसेंबर २०१३ चा तेरावा एपिसोड, ‘अ मदर्स वर्क’. टॅराला आणि मुलांना यातून सोडवायचं म्हणून जॅक्स पॅटरसनबरोबर सौदा करतो, त्या बंदुकीची जबाबदारी मी घेतो, मला आत टाका, बायकोला सोडा. चक्क कबुली द्यायला तयार होतो माणूस. आणि त्याच रात्री जेमा, टॅराने जॅक्सला पोलिसांना विकलं या गैरसमजातून, तिला स्वयंपाकघरात मारते, मांस कापताना धरायच्या लांब काट्याने. तो सीन ‘स्ट्रॉ’पेक्षा कितीतरी जास्त रक्तरंजित आहे, सगळं डोळ्यांसमोर, कॅमेरा हलत नाही. शोमधला सगळ्यात भयंकर खून एका सासूने सुनेचा केलेला आणि तोही घरच्या सिंकपाशी, यावर मराठी माणसाने काय बोलायचं! पण बघा, पहिल्या एपिसोडची गोळी शेवटच्या एपिसोडच्या स्वयंपाकघरात येऊन लागली, मधल्या कड्या तुटलेल्या नाहीत. एवढं बांधीव काम असेल तर ‘फक्त धक्का द्यायला केलं’ हा आरोप टिकत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती माझ्या मते एवढीच भक्कम आहे. तो मुलगा. त्याला आतून काही दिलेलंच नाहीये. वही, जखमा, गप्प बसणं, ही सगळी बाहेरची खूण झाली, अशा मुलांबद्दल बातम्यांमध्ये जे यायचं तेच उचललेलं. तो का करतो याचा शोध शोला घ्यायचाच नाहीये, त्याला फक्त बंदूक घरापासून शाळेपर्यंत पोचवायला कुणीतरी हवं होतं. डार्वनीचंही तेच, ती व्यसनी, रडणारी, मरायला आलेली. आणि मेलेल्या मुलांचे आईबाप? ते गोष्टीत नाहीतच म्हटलं तरी चालेल, त्यांचं दुःख पॅटरसनच्या फाइलीत फोटो होऊन राहतं. वर्तुळ पुन्हा क्लबभोवतीच पूर्ण होतं, जॅक्सचा अपराधीपणा, जॅक्सची तगमग, जॅक्सची कबुली. वीस पोरं खरोखर गेलेल्या गावातल्या माणसाने हे बघून चिडावं यात मला काही गैर वाटत नाही. कॅमेरा वर्गात गेला नाही ही सभ्यता खरीच, पण गोष्टही वर्गात गेली नाही.

हे शोला जमत नव्हतं असं मात्र नाही, आणि त्यामुळेच जास्त टोचतं. दुसऱ्या सिझनचा पहिला एपिसोड, ८ सप्टेंबर २००९. जेमावर सामूहिक बलात्कार होतो, गोऱ्या वर्णद्वेषी टोळीतले लोक, क्लबला डिवचायला म्हणून. क्लबने पिसाळून आंधळा हल्ला करावा हाच त्यांचा डाव असतो. जेमा तो ओळखते आणि गप्प बसते. कुणालाच सांगत नाही, फक्त पोलिसप्रमुख अन्सर आणि टॅरा या दोघांना माहीत, नवऱ्याला नाही, पोराला नाही. दहाव्या एपिसोडपर्यंत. मधे ती जेवण वाढतेय, भांडतेय, चर्चमध्ये जातेय, नवऱ्याने हात लावला की आक्रसतेय, आणि आपल्याला तिचा एकेक दिवस दिसतो. म्हणजे एका घटनेला दहा एपिसोड तिच्या नजरेतून दिले. आणि मग जेवणाच्या टेबलाशी ती क्ले आणि जॅक्सला समोर बसवून सांगते, तो सीन केटी सॅगलने कसा केलाय ते प्रत्यक्षच बघा. ज्याच्यावर अत्याचार झाला त्याच्यापाशी थांबायचं हे सटरला येतं. ‘स्ट्रॉ’मध्ये तो थांबला नाही.

आणि त्याच एपिसोडमधला तो बाथटब? तो मला आजही नडतो. मथळे सगळे शाळेवर आले आणि ते साहजिकच आहे, पण फुकटचं काय होतं विचाराल तर तो टबातला खून. आधीच्या सिझनमध्ये टिगच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलीला जिवंत जाळलंय, त्याचं डोकं फिरणं समजतं, पण सीन लिहिलाय असा की आपण अर्धवट हसावं, ई करावं आणि पुढे जावं. ओटोच्या बाबतीतही, पहिल्यांदा बघताना पोटात ढवळतं, पण सिझनगणिक त्या माणसाचा एकेक अवयव आणि एकेक अब्रू जात राहते आणि एका टप्प्यावर आपल्याला काही वाटेनासं होतं, त्यात लेखक स्वतःच ते पात्र करतोय म्हटल्यावर तर हा स्वतःलाच किती छळून दाखवतो याची पैज लागल्यासारखं दिसतं. तुरुंगातला पुरुषावरचा बलात्कार हा शो वारंवार वापरतो, पुढे ज्यूसवरही, आणि जेमाला जे दहा एपिसोड मिळाले त्यातला एकही या पुरुषांना मिळत नाही. यावर मात्र फारसं कुणी बोललं नाही.

शाळेचा गोळीबार, जेमाचं प्रकरण आणि हा टब-तुरुंग, या तिन्हींना लेबल एकच लागतं. टीव्ही-एमए. आपल्याकडे २०२१ च्या आयटी नियमांनी ओटीटीसाठी यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए अशा पायऱ्या आणल्या, सोबत हिंसा, भाषा वगैरेची सूचना टाकायची, तिथेही हे सगळं एका ‘ए’ मध्ये गेलं असतं आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ आली असती. २०२३ पासून ओटीटीवर तंबाखूची वैधानिक सूचनाही आली आहे, म्हणजे आपल्या नियमांप्रमाणे दाखवायचं झालं तर क्लबच्या टेबलावर बसून ही मंडळी खुनाचं मतदान घेतायत आणि खाली ओळ की धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे. बरोबरच आहे म्हणा, कारण बाकीच्याने आरोग्याला काय होतं ते कुठे कुणी मोजलंय.

आता ज्यांना बघायचंच आहे त्यांच्यासाठी. घरात सोळा-सतरा वर्षांचं पोर असेल आणि ते ऐकत नसेल तर मी म्हणेन पहिले दोन सिझन सोबत बसून बघा, दुसऱ्याचा पहिला एपिसोड आधी तुम्ही एकट्याने बघा आणि मग ठरवा. चौथ्यानंतर शो स्वतःच्या प्रेमात पडत जातो, एपिसोड लांबतात, हिंसा फुगते. ज्यांच्या घरात शाळेतली लहान मुलं आहेत आणि ज्यांना तो विषय झेपत नाही त्यांनी ‘स्ट्रॉ’चा शेवटचा गाण्याचा भाग सरळ सोडून दिला तरी चालेल, काय घडलं ते पुढच्या एपिसोडमध्ये पहिल्या काही मिनिटांतच कळतं, गोष्ट कुठे अडत नाही. टॅराचा शेवट मात्र सोडता येत नाही, त्यावर अख्खा सातवा सिझन उभा आहे.

आणि त्या सातव्या सिझनबद्दलच माझी शेवटची तक्रार. टॅरा गेली आणि सौदाही गेला, जॅक्स बायकोच्या खुन्याच्या मागे सुटतो, चुकीच्या माणसांना मारत सुटतो, तेरा एपिसोड नुसता सूड. केजी-नाइनची कबुली, जी तो बायकोसाठी का होईना द्यायला निघाला होता, ती कुणी पुन्हा मागत नाही. शाळेचा विषय मागे पडतो तो पडतोच.